गुलालाची आण

जोतीराम देव मानत नव्हता. नाव जोतिबाचं, घराण्याकडं मान जोतिबाच्या सासनकाठीचा, आणि गडी चारचौघांत म्हणायचा, "देव मला कधी दिसला न्हाय. काठी दिसती, ती पडाय नको एवढं मी बघतो." गडमुडशिंगीच्या पलीकडचं त्यांचं गाव. गावानं हे हसण्यावारी नेलं होतं, कारण तो उंचच्या उंच सजवलेला वासा कमरेच्या पट्ट्यात तोलून डोंगरावर नाचवावा तर जोतीरामनंच. चैत्र लागला की मटण बंद, पायात चप्पल नाही, तोंडात चांगभलं. बायको शालूबाई चेष्टा करायची, "न मानणारा असला, तर मानणारा कसला असंल वो?"

पण माघात त्याची आई वारली आणि यानं अस्थी पंचगंगेत न सोडता उसाच्या सरीत पुरल्या. दहावं नाही, तेरावं नाही. तिथं गावाचं बिनसलं. यात्रा कमिटीचा नवा अध्यक्ष उदयसिंह, त्यानं नियम काढला: काठी धरणाऱ्यानं देवापुढचा गुलाल उचलून आण घ्यायची, माझी जोतिबावर श्रद्धा हाय म्हणून. घरातल्या कुणीच आण घेतली नाही तर त्या घराचा मान गेला. चार पिढ्यांचा मान, एका ठरावात! तरी शालूबाई निवांत होती. न मानणाऱ्याचं आण घेताना काय जातंय? उचलंल गुलाल आणि होईल मोकळा, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

यात्रेला निघायच्या सकाळी गावातल्या देवळापुढं गाव जमलं. उदयसिंहनं ताट पुढं केलं. जोतीराम नुसता बघत राहिला.

"काठी घेतो. आण घेणार न्हाय."

"का? देवच न्हाय म्हणतोस, मग भ्यायचं कुणाला?"

"भ्यायचं न्हाय रं. एवढ्या माणसांदेखत खोटं कसं बोलू?"

आईच्या चितेपुढं कोरडे राहिलेले त्याचे डोळे आता भरून आले. मान गेला, हे त्याला कळत होतं.

तेवढ्यात त्याचा थोरला, यशराज, गर्दीतनं पुढं आला. शिरोलीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा, बापाच्याच मताचा. परवा जेवताना 'कसला देव आन् कसलं काय' म्हणून हसला होता. त्यानं मूठभर गुलाल उचलला, कपाळाला फासला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझी जोतिबावर पूर्ण श्रद्धा हाय."

पापणीसुद्धा हलली नाही पोराची. चांगभलंचा गजर झाला, शालूबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि जोतीराम मट्‌कन देवळाच्या पायरीवर बसला. त्याचं त्यालाच कळेना: देव नाही, तर हे भ्या कशाचं?

पोरगा जवळ आला. "आबा, पट्टा द्या."

"यशा, खोटी आण घेतलीस."

यशराज गोंधळला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "खोटी कुणापुढं? तुमीच ल्हानपणापासनं सांगतासा, देवळात आत कुणी न्हाय म्हणून."

गावाशी जन्मभर वाद घालून कधी न हरलेल्या माणसानं कमरेचा पट्टा सोडून पोराच्या हातात दिला. यशराजनं तो कमरेला आवळला, काठी उचलली, गुलालाचे लोट उठले.

"आत कुणी न्हवतं रं," जोतीराम पायरीवरनंच पुटपुटला. "भाईर मी हुतो की."