भुशाचा गुरुवार

चहा घ्या, शेव घ्या, आणि माझ्या नावापुढे जे 'डॉक्टर' लागतं ना, ते जरा वेळ विसरा. आज सांगणार आहे तो गाढवपणा करायला भरपूर शिक्षण लागतं. अडाण्याचं ते काम नाही!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. रॉकेलला रांगा लागायच्या, आणि विद्यापीठातल्या आमच्या सरांनी मनावर घेतलं होतं की ना शेगडी, ना हीटर, नुसत्या उन्हावर घर ऊबदार ठेवून दाखवायचं. त्यासाठी दोन खोल्या बांधल्या. देवासला एक साधी, विटांची. धारला एक खास: दुहेरी भिंती, मधे गव्हाचा भुसा ठासलेला, दक्षिणेला भली मोठी काच. दोन्हींत तापमान नोंदवणारं एकेक यंत्र. घड्याळावर फिरणारा डबा, त्याला गुंडाळलेला कागद, आणि त्यावर आठवडाभर जांभळी रेघ ओढणारा काटा. बस.

या दोन खोल्यांचा चौकीदार, झाडूवाला आणि शास्त्रज्ञ, तिन्ही मीच!

मी देवासचा. वडील कारखान्यात, घरी मराठी, शाळा हिंदी. मला धारला धाडलं तेव्हा आई खूश. "तिथे जुनी मराठी घरं आहेत. आपली माणसं भेटतील."

भेटली की! खोली ज्यांच्या आवारात होती ते नानासाहेब संस्थानच्या काळातले अधिकारी. त्यांचं मराठी म्हणजे इस्त्री केलेलं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "नाना, एक चाबी तुमच्याकडे ठेवून देतो."

"चाबी नव्हे, किल्ली," नाना म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत, उलट हसले. पण माझी जीभ जी टाळ्याला चिकटली, ती सुटेचना. पुढे नाना समोरून आले की मी गल्ली बदलायचो. त्यांच्या पत्नी, काकू, "चहा घेता का?" म्हणाल्या की मी मुंडी हलवायचो. ती हो होती की नाही, हे त्यांना कधीच कळलं नसणार.

त्यात प्रयोगाचा नियम असा, की धारच्या खोलीत माणूस शिरता कामा नये. माणसाच्या अंगाची गरमी यंत्राला लगेच कळते. म्हणून मी दारावर ठळक पाटी लावली: 'अंदर आना सख्त मना है.' आणि स्वतः पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या गारठलेल्या खोलीत दोन गोधड्या घेऊन कुडकुडत बसलो. संध्याकाळी हॉटेलात जेवायचं, परत यायचं, भिंतीकडे बघायचं. अख्ख्या दिवसात तोंडातून निघालेलं वाक्य कोणतं? "दो रोटी और." खोटं कशाला बोलू, रडू यायचं.

सरांनी सांगितलं होतं, "एक हिवाळा काढ. रेघ चांगली आली की धार सुटलं. घरी बसून प्रबंध लिही." तेव्हा माझा सगळा जीव त्या जांभळ्या रेघेत. ती वर गेली की मी घराच्या जवळ!

दर गुरुवारी पहाटेच्या बसने देवासला जायचो, तिथल्या खोलीचा कागद बदलायचो, आईच्या हातचं जेवायचो. आई विचारायची, "धारला ओळखी झाल्या की नाही रे?"

"खूप! फुरसतच मिळत नाही."

शुक्रवारी सकाळी परत धारला, तिथला कागद बदलायला. आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी बघतो तर काय? आठवडाभर रेघ शहाण्यासारखी चाललेली, आणि गुरुवारी दुपारी टुणकन चार अंश वर! पुढच्या आठवड्यात पुन्हा गुरुवारीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. देवासच्या खोलीत मात्र गुरुवारी काही म्हणजे काही नाही.

खोलीत एक मंद सुगंध यायचा. मी वहीत लिहिलं, 'उन्हाने रंग तापल्याचा वास.' यंत्राच्या डोक्यावर लाल-पिवळा डाग दिसला. लिहिलं, 'यंत्र गंजू लागले आहे.' हसू नका! एकट्या माणसाला सगळीकडे विज्ञानच दिसतं.

तीन रात्री जागून मी सिद्धांत मांडला: भुसा सहा दिवस ऊन साठवतो आणि सातव्या दिवशी एकदम सोडतो.

सरांनी चष्मा काढला. "भुशाला वार कसा कळतो रे?"

"सर, मी शुक्रवारी दार उघडतो. गार हवा शिरते. तिथून भुसा पुन्हा पहिल्यापासून साठवायला लागतो."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग उठून त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. "अरे, हा तर मोठाच शोध झाला! भोपाळच्या तज्ज्ञांना बोलावतो. गुरुवारीच दाखवू."

मी आईला सांगून टाकलं, "सामान आणायला ट्रंक रिकामी करून ठेव."

तर तो गुरुवार. जीपमध्ये पुढे सर, मागे भोपाळचे दोघे साहेब आणि त्यांच्यामध्ये चेपलेला मी. दुपारी धारला पोचलो. आवारात शिरलो तर दाराबाहेर चपलाच चपला! कुलूप नुसतंच कडीला लटकलेलं. आतून टाळांचा आवाज.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी भुशाच्या भिंतीकडे बघितलं. मग दार ढकललं.

आत वीस-बावीस माणसं दाटीवाटीने बसलेली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. काचेतून मस्त ऊन पडलेलं, भिंतीशी दत्ताची तसबीर, उदबत्ती, नाना पेटीवर. यंत्राच्या अगदी खाली पंप मारलेला स्टोव्ह भर्र पेटलेला आणि त्यावर चहाचं पातेलं. यंत्राला हार, यंत्राला हळदकुंकू!

"अहो, या ना आत!" काकू म्हणाल्या. "आणि दार लावून घ्या बघू. ऊब जाते."

भोपाळच्या थोरल्या साहेबांनी सगळीकडे शांतपणे नजर फिरवली. "अच्छा," ते म्हणाले, "तो ये है आपका भूसा!" आणि बूट काढून बसलेसुद्धा. धाकट्यांनी पोह्यांची बशी घेतली. उभे राहिलो फक्त सर आणि मी.

माझी जीभ अखेर सुटली. "नाना, हे काय करून राहिलात? पाटी लावली होती ना मी!"

नानांनी पेटी थांबवली. "होय हो, पाटी वाचली. म्हणूनच तर गुरुवार धरला. आम्हां म्हाताऱ्यांना थंडी सोसत नाही, सबंध आळीत ऊबदार जागा ही एवढीच. पण तुम्हाला माणसांचा सहवास आवडत नाही, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ओळखून आहोत. म्हटलं, तुमची अडचण नको. तुम्ही देवासला गेलात की बसतो, आणि तुम्ही यायच्या आत झाडून-पुसून ठेवतो."

ज्या दिवशी मी माणसांसाठी शंभर किलोमीटर बस धरून जायचो, त्याच दिवशी धारची सगळी मराठी माणसं माझ्याच खोलीत पोहे खात बसायची! भजन चालायचं, चहा व्हायचा, आणि न येणारा असा अख्ख्या आळीत एकच इसम होता.

परतताना इंदूर आलं तेव्हा सर जीपमध्ये मागे वळले. मग एकच वाक्य. "पुढचा हिवाळा. पहिल्यापासून. आणि दुसरी किल्ली तुझ्या खिशात."

म्हणजे आणखी एक वर्ष धार! पण खरं सांगू? मला फारसं वाईट वाटलं नाही. निघताना काकू म्हणाल्या होत्या, "आता आमच्या ओसरीवर बसू. तुम्ही यायचं हं, नक्की."

पुढच्या थंडीत प्रयोग पुन्हा सुरू होताच मी देवासची फेरी बुधवारवर आणली. गुरुवारी धुतलेला सदरा घातला. दोन-तीन शुद्ध मराठी वाक्यं घोकली. शेवेचा पुडा घेऊन वेळेआधीच ओसरीवर जाऊन बसलो. अर्धा तास गेला. तास गेला. शेवटी काकू शाल लपेटून बाहेर आल्या.

"अगोबाई, कुणी सांगितलं नाही का? भजन होळीपर्यंत बंद! मागच्या गुरुवारी या ओसरीवर बसलो आणि सगळ्यांचे सांधे धरले. हे तर अंथरुणातच आहेत. उबेची जागा होती, तिला तुमचं कुलूप. तुमच्या शिक्षणाचा प्रश्न, आम्ही कसं काही म्हणणार?"

त्या आठवड्याचा कागद सरांपुढे ठेवला. आठवडाभराच्या रेघेत कुठे खोट नाही. सर भलतेच खूश.

"याला म्हणतात प्रयोग! गुरुवारी आत कोणी नव्हतं ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "आत कोणी नव्हतं, आणि बाहेर मी एकटाच होतो."