अव्वाचा पाय आणि आमचा नवा फ्रीज

आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. घर सोलापूरजवळच्या कुंभारी गावात, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. माग बंद पडला की आधी कामगारावर ओरडणारे जॉबर पुष्कळ असतात. मी त्यातला नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. आधी माग बघायचा, धागा बघायचा, मग माणसाकडं वळायचं, ही माझी पद्धत. घरी मात्र ही पद्धत मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत होतो. ते कळायला अव्वाचा पाय जायची वेळ यावी लागली.

अव्वाला साखरेचा आजार जुना. गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं, ते गावाजवळच्या दवाखान्यात. हा दवाखाना कुणा एका डॉक्टरच्या मालकीचा नाही. एक संस्था तो चालवते, आणि आसपासच्या गावांतल्या माणसांना परवडेल एवढेच पैसे घेते. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं पडवी, पडवीत बाकडी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. स्वस्तातलं औषध म्हणजे हलकं औषध, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं अव्वाला तिथं न्यायचं काम बायकोकडं, आणि मी कारखान्यातल्या पाळीचं कारण सांगून मोकळा.

इंजेक्शन घ्यायला अव्वाला तिथल्या सिस्टरनं शिकवलं. अव्वाला अक्षरओळख नाही, पण सिरींजवरच्या रेघा मोजून औषध भरायला ती दोन दिवसांत शिकली. आमच्याकडं तेव्हा फ्रीज नव्हता, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात इन्सुलिन उघड्यावर ठेवलं तर खराब होतं. म्हणून सिस्टरनं तिला युक्ती सांगितली होती. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडकं बसवायचं, दोन्हींच्या मधे ओली वाळू भरायची, मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली ठेवायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. अव्वा सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर पाणी शिंपडायची. दोन वर्षं तिची साखर ताब्यात राहिली, ती या मडक्यातल्या औषधावर.

मग आमच्या घरात फ्रीज आला. मी तो चार पाहुण्यांना बोलावून दाखवला. लगेच त्याच दिवशी कुंडी, वाळू, मडकं सगळं उचलून परसात टाकलं. घरात फ्रीज असताना औषध मडक्यात ठेवायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हा माझा विचार. अव्वा म्हणाली, "आसू दे की, हितं बरं ऱ्हातंय." मी ऐकलं नाही. दवाखान्यातून दोन महिन्यांच्या बाटल्या एकदम मिळायच्या. त्या सगळ्या मी माझ्या हातानं वरच्या बर्फाच्या कप्प्यात लावल्या. औषध थंड ठेवायचं असतं, आणि फ्रीजमधली सगळ्यात थंड जागा ती. इतका सरळ हिशोब होता माझा. यात विचारण्यासारखं काही आहे, असं मनात आलंसुद्धा नाही.

महिन्याभरात अव्वा वाळायला लागली. सारखी तहान, सारखं बाहेर जाणं. तपासणीत साखर भरमसाट निघाली. मी घरी येऊन तो कागद तिच्यापुढं धरला आणि विचारलं, काय खातेस चोरून? ती म्हणाली, "काय न्हाय रे तम्मा, शिवाची आण." मी विश्वास ठेवला नाही. घरात गुळाच्या शेंगापोळ्यांचा डबा होता, तो मी कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि अंगणात उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला बोललो. सत्तरी ओलांडलेली बाई, गळ्यात शिवलिंग, रोज पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. तिला मी चोर ठरवलं. त्यानंतर जेवताना ती ताट माझ्याकडं वळवून, मला दिसेल असं ठेवायला लागली. मला वाटलं, आता कशी सरळ आली!

साखर तशीच राहिली. भर उन्हात अनवाणी अंगणात गेल्यावर तिच्या तळव्याला, अंगठ्याखाली, फोड आला. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यामुळं तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं त्यावर फडकं बांधलं आणि लुगडं खाली ओढून घेतलं. आठ दिवस लपवलं. मी ओरडेन म्हणून लपवलं, हे तिनं पुढं बायकोला सांगितलं. घरात वास यायला लागला तेव्हा आम्ही फडकं सोडलं. जखम काळी पडली होती आणि पाय घोट्यापर्यंत लाल होता.

मी तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. तिथले सर्जन म्हणाले, अंगठा काढावा लागेल, आणि साखर अशीच राहिली तर तिथं थांबेल असं नाही, घोट्यापर्यंत तयारी ठेवा. बाहेर येऊन अव्वा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मरणाला ती कधी भ्यायली नव्हती, पण त्या दिवशी भ्यायली. "पाय गेला तर तुज्या बायकूनं मला संडासला उचलून न्यायचं व्हय?" म्हणाली. "त्यापरीस आदी आपल्या दवाखान्यात दाखीव. तितली माणसं मला वळखतेत." ऑपरेशनला दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली होती, म्हणून मी तिचं ऐकलं. पत्र्याच्या त्या दवाखान्यात मी अव्वाला घेऊन गेलो तो हा पहिला दिवस.

डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर मांडी घालून तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. जखम साफ केली, नाडी बघितली, बोटं दाबून बघितली. मग लाली जिथं संपत होती तिथं पेनानं गोल रेघ ओढली. "रक्त खालपर्यंत पोचतंय, म्हणून मी दोन दिवस बघते," त्या म्हणाल्या. "लाली या रेघेच्या वर आली किंवा ताप आला, तर थांबायचं नाही, तडक शहरात. पण औषध चालू असताना साखर एवढी का, हे आधी कळायला पाहिजे."

"चोरून गोड खाते," मी म्हणालो.

"तुम्ही बघितलंय?"

"नाही."

"मग सिस्टर आज घरी येऊन बघतील."

दुपारी सिस्टर स्कूटीवरून आल्या. अव्वाला इंजेक्शन शिकवणाऱ्या त्याच, तिशीतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. अव्वाचं घर कानडी, तेव्हा दोघींचं मराठीतच जुळायचं, आणि चांगलं जुळायचं. बायकोनं चहा ठेवला, त्याला त्यांनी नको म्हटलं. त्या दवाखान्याची एक रीत आहे. औषध वेळेवर घेता का, नीट ठेवता का, असं ते घरी येऊन विचारत नाहीत. रोज जे करता ते जसंच्या तसं माझ्यापुढं करून दाखवा, एवढंच म्हणतात.

"अव्वा, सकाळी काय काय करता ते आता करा बगू," सिस्टर म्हणाल्या.

अव्वा लंगडत फ्रीजपाशी गेली. वरचा कप्पा उघडला, बाटली काढली, आणि काखेत धरून पाटावर बसली. बसूनच राहिली. सिस्टर तिच्याकडं बघत होत्या. "ही काखंत कशापाई धरली?"

"पगळाया नको? दगडावानी होतीय की. रोज आसंच धरून बसतो बगा मी."

सिस्टरनी बाटली मागून घेतली. तळहातांत फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते, दूध नासल्यासारखे. त्या मला म्हणाल्या, "दादा, इन्सुलिन गोठलं की मेलं. परत पातळ झालं तरी त्यात काय न्हाय. अव्वा एवढे दिवस पाणीच टोचून घ्यायलेत."

अव्वानं आदल्या महिन्यात मला एकदा म्हटलं होतं की औषध दगड होतंय. थंडच पाहिजे ते, असं सांगून मी चालता झालो होतो. कारखान्यात एखादी कामगार बाई मला येऊन सांगते, माग वेगळा आवाज करतोय, तेव्हा मी हातातलं काम टाकून धावतो. आईचं ऐकायला मी थांबलो नव्हतो.

कुणी ठेवलं, हे सिस्टरनी विचारलं नाही. त्यांनी सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या, संध्याकाळपर्यंत नवी बाटली आणून दिली आणि ती खालच्या कप्प्यात स्वतः ठेवून बायकोला जागा दाखवली. या एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेपाशीच होती. तिसऱ्या दिवशी ती रेघेच्या खाली उतरली, दोन बोटं तरी. डॉक्टरीणबाईंनी शहरातल्या सर्जनना फोन करून सगळं सांगितलं, आणि ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. मग जवळजवळ तीन महिने सिस्टर दिवसाआड येत राहिल्या. जखम धुवायची, पट्टी बांधायची, जाताना अव्वाकडून तळपायाला आरसा लावून बघून घ्यायचा सराव करून घ्यायचा. भर मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतंय अशा उन्हातून ही बाई यायची आणि अव्वाला म्हणायची, "अव्वा, पाय लई गोड दिसायलाय आज." अव्वा लाजायची. मी दारात उभा राहून हे बघायचो. स्वस्तातलं औषध म्हणून मी नाक मुरडलं होतं, आणि असली माणसं मला कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात विकत मिळाली असती? अंगठा राहिला. पाय राहिला. अव्वा स्वतःच्या पायांनी संडासला जाते, हे वाक्य लिहिताना आजही मला भरून येतं.

तिची माफी मागायची मात्र राहून गेली. रोज उद्यावर टाकत होतो.

दवाखान्यात महिन्यातून एका दुपारी साखरेचे सगळे पेशंट पडवीत जमतात. तिथं जुन्या पेशंटनं आपली एखादी चूक नव्यांना सांगायची, असा पायंडा आहे. एक आजोबा ब्लडप्रेशरची गोळी फक्त सुनेशी भांडण झालं की घ्यायचे, ते त्यांनी साभिनय सांगितलं आणि पडवी हसून लोळली. मग सिस्टरनी अव्वाला उभं केलं. मी तिला न्यायला आलो होतो, गाडीपाशी थांबलो होतो.

अव्वा म्हणाली, "आमच्यात नवा फ्रीज आला. मला आडाणीला काय कळतंय? जास्त गार ते जास्त चांगलं आसं वाटलं, म्हणून मीच बर्फात ठिवलं. पाय जायला लागला हुता."

सिस्टरनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मी गाडी वळवून घेतली. घरी जाताना गाडीवर तिला विचारलं, तू असं का सांगितलंस? ती मागून म्हणाली, "तुला चार मानसं वळखतेत. माजं काय जातंय?" आणि खांद्यावरचा हात तसाच ठेवला. मी गाडी बाजूला घेतली, कारण मला पुढचा रस्ता दिसेना.

पुढच्या महिन्यात मी अर्धी सुट्टी टाकली आणि त्या पडवीत जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मागच्या वेळी माझी आई खोटं बोलली. बर्फात औषध मी ठेवलं. ती सांगत होती ते ऐकलं नाही, वर तिलाच चोर म्हणालो, आणि माझ्या भीतीनं तिनं आठ दिवस जखम लपवली. एवढं बोलून मी खाली बसलो. अव्वा पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतला माझ्याच वयाचा एक माणूस उठला. त्यानं खिशातून फोन काढून घरी लावला. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "बाबांचं विंजेक्शन कुटं ठिवलंय? वरच्या कप्प्यात? कुणी सांगितलं तितं ठिवायला? मीच व्हय? कवा?" त्याचा आवाज चढायला लागला, मग मधेच अडकला. फोन कानाला तसाच धरून तो सिस्टरकडं बघत राहिला.

सिस्टर बोलणार त्याआधी अव्वा उठली आणि त्याच्यापाशी चालत गेली.

"भिऊ नको," ती त्याला म्हणाली. "नवी बाटली देतेत हितं. घरी जा, आदी त्यांचे पाय बग. आन् त्यांच्यावर वरडू नको."