मढच्या अलीकडे ब्रेक नरम लागला

शुभदा मॅडम नसत्या तर मी आज पुण्यात नसतो. गोंदियाची गाडी धरून परत आलो असतो आणि तुम्ही सगळ्यांनी पारावर विचारलं असतं, का रे बाबू, नाही जमलं का? म्हणून त्यांचं नाव पहिले लिहितो. बाकीचं मग सांगतो.

मॅडम विमान चालवतात. त्यांना हॉटेलातून विमानतळावर आणि तिथून परत हॉटेलात सोडणारी गाडी मी चालवतो. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे काम मिळालं याचंच मला अजून नवल वाटतं. आणि ते कधी सुटेल याची भीती रोज वाटते. कामाला लावताना शेठ म्हणाले होते, "ट्रिप अर्धी सोडणारा ड्रायव्हर मला नको." ते वाक्य मी देवघरात ठेवल्यासारखं डोक्यात ठेवलं आहे.

त्या दिवशी मॅडमना सुट्टी होती. सोबत त्यांच्या हाताखाली उडणारे रोहन सर होते. दोघांना माळशेज घाट बघायचा होता, घाट उतरून खाली जेवायचं होतं. माझी ही पहिलीच लांबची ट्रिप. सकाळी संतोषनं गाडीची चावी माझ्या हातात दिली. तो आमच्यातला जुना ड्रायव्हर. म्हणाला, "मक्खन गाडी आहे. जा बिनधास्त."

मंचर येईपर्यंत दोघं मागे गप्प होते. तिथं चहा झाला आणि त्यांची तोंडं सुटली. मला वाटायचं, एवढे मोठे लोक आभाळातल्या गोष्टी बोलत असतील. पण त्यांचं बोलणं म्हणजे आपल्याकडच्या एसटीच्या कंडक्टरसारखं.

"परवाचा तो पॅसेंजर," रोहन सर म्हणाले, "चाकं जमिनीला लागली नाहीत तोच उठून बॅग काढायला लागला. पट्ट्याचा दिवा चालू, विमान धावतंय, आणि हा वरचा कप्पा उघडून उभा."

"माझ्याकडे एक आजोबा आले होते," मॅडम म्हणाल्या. "उतरताना दारात मला विचारतात, बाई, आमच्या गावावरून नेलं का नाही? मी म्हटलं, आजोबा, रस्ता मी नाही ठरवत. तर म्हणाले, मग तिकीट कशाचं घेता?"

मला हसू आलं. पण ड्रायव्हरनं मागचं ऐकून हसायचं नसतं, म्हणून खोकलो.

नारायणगाव मागे पडलं. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो रांगेनं उभे होते. आळेफाट्याला डावीकडे वळलो तशी बोलण्याची गाडी पॅसेंजरांवरून त्यांच्यासोबत विमान उडवणाऱ्यांवर आली. एक जण विमान उडवण्याआधीची यादी इतक्या घाईनं वाचतो, की लग्नात भटजी मंगलाष्टकं उरकतोय असं वाटतं. दुसरा अंगात ताप असताना गोळी खाऊन येतो आणि कुणाला सांगत नाही. तिसऱ्याचं अर्धं लक्ष मोबाईलवर.

"ते सगळं परवडलं," मॅडम म्हणाल्या. "गप्प बसणारा नाही परवडत. एकदा उतरताना माझा वेग जास्त झाला होता. बाजूच्याला दिसत होतं. पठ्ठ्या काही बोलला नाही. माझ्या लक्षात आलं, मी विमान परत वर घेतलं. नंतर विचारलं तर म्हणतो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"तुम्ही सीनियर ना, म्हणून घाबरला असेल."

"चुकलेल्याला मी माफ करते. घाबरून गप्प बसलेल्याशेजारी मी दुसऱ्यांदा बसत नाही."

हे ऐकत होतो तेव्हा पिंपरी पेंढारचा गतिरोधक आला. मी ब्रेक दाबला. पाय रोजच्यापेक्षा खाली गेला. ओतूरला पुन्हा दाबला, अजून खाली. गाडी थांबत होती, पण ओल्या मातीत पाय रुतावा तसं वाटत होतं. पुढे डोंगर उभा दिसायला लागला. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातं, कापणीला आलेली. एरवी तिकडेच बघत राहिलो असतो. आपल्याकडच्या धानाची आठवण झाली असती. पण मला दोनच गोष्टी दिसत होत्या, शेठचं तोंड आणि घाटाचा उतार.

वाटत होतं, भास असेल. मी नवा आहे. संतोषनं तर मक्खन म्हणून सांगितलं. सांगितलं आणि काही निघालं नाही, तर? आणि काही निघालं, तरी ट्रिप अर्धीच सुटणार.

घाटाआधीच्या मढ गावाच्या अलीकडे मी तोंड उघडलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "मॅडम, ब्रेक नरम लागतो आहे."

"अरे, घाट आलाच," रोहन सर म्हणाले. "सावकाश घे ना. येताना बघू."

"थांबा रोहन," मॅडम म्हणाल्या. "तू पुन्हा सांग. नेमकं काय होतंय?"

"पायडल खाली जातंय. पहिल्यापेक्षा जास्त."

"पायडल खाली जातंय, पहिल्यापेक्षा जास्त," त्यांनी माझे शब्द जसेच्या तसे परत म्हटले. त्यांच्यात तशी पद्धतच आहे, ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, म्हणजे नीट ऐकलं हे समोरच्याला कळतं. "ठीक. गाडी बाजूला घे."

मढला रस्त्याकडेला एक मेकॅनिक होते, अंकुशदादा. पुढच्या चाकाखाली डोकं घालून त्यांनी बोट फिरवलं, ते ओलं निघालं.

"पाइप चिरलाय राव. आन् ब्रेकचं त्याल गळून कमी झालं म्हणून कुणीतरी ताजं वतलंय वरनं. तुमी घाट उतराय निघालं व्हता का काय?"

"हो," मी म्हटलं.

"मग देवाचं नाव घ्या. खाली पोचला असता, पर गाडीतनं न्हाई."

रोहन सर कंबरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत राहिले. मग येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाइप ओतूरला मिळणार होता. आधी शेठला फोन लावला. ते ओरडायला लागले, "भाडं रस्त्यात सोडलं? गाडी चालत होती ना? मग?" मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी कॅप्टन बोलतेय. गाडी थांबवायचा निर्णय माझा आहे. तुमच्या ड्रायव्हरनं वेळेत सांगितलं म्हणून मी तुमच्याशी बोलू शकतेय. पुढच्या वेळी मला हाच ड्रायव्हर हवा. नसेल तर तुमची गाडी नको." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण मॅडमनी फोन परत देताना होकाराची मान हलवली, तेव्हा कळलं, नोकरी राहिली.

ओतूरला जायला वडाप (माणसं भरून नेणारी जीप) मिळालं. बसून काय करायचं म्हणून ते दोघंही आले. रोहन सर मागच्या दाराशी, त्यांच्या पायावर एका आजीची पाटी, पाटीत मेथीच्या जुड्या. दोन मिनिटांनी सरांनी ड्रायव्हरला विचारलं, अजून किती वेळ? मग विचारलं, एवढी माणसं बसवायला परवानगी आहे का? मग, जरा हळू चालवा.

"पावणं (पाहुणे) लई बोलत्यात," ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला.

ओतूर आलं. जीप अजून सरकत होती, तोच सर उठून दाराची कडी काढायला लागले. आजीनं त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

"आरं थांबू दी की गाडी. एवढी घाई व्हती तर इमानानं यायचं."

मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. सर लाल झाले आणि मग तेही हसले. आजीला काही कळलं नाही. तिनं मॅडमना मेथीची एक जुडी दिली, का ते ठाऊक नाही.

पाइप घेऊन परतलो आणि तो बसेपर्यंत मढच्या खाणावळीत मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि बाजरीची भाकरी खाल्ली. रस्सा झणझणीत होता. मॅडमनी मला समोरच्याच बाकावर बसवलं. घाट खालून बघायचा राहिला. त्यांनी वरूनच बघितला, अंकुशदादांनी ब्रेक तीनदा तपासून दिल्यावर.

पुण्यात चावी परत करताना मी संतोषला विचारलं, ब्रेकचं तेल तू ओतलं होतंस का? तो म्हणाला, "हो, सकाळीच. मला वाटलं तुला कळेल."

मी त्याच्याशी भांडलो नाही. शेठना मात्र त्याच्यासमोरच सांगितलं. कसं सांगायचं ते दुपारी शिकलो होतो.

मी अजून विमानात बसलेलो नाही. पण आईला एकदा बसवणार आहे, मॅडम ज्या विमानात पुढे असतील त्यातच. आईचा पट्टा मी बांधीन. गावावरून न्या असं म्हणू देणार नाही. विमान खाली उतरलं, की दिवा विझेपर्यंत आम्ही दोघं हलणार नाही. आणि शेजारचा उठलाच, तर त्या आजीसारखा त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवीन. मॅडमचं देणं माझ्याकडून एवढंच फिटेल, आणि ते मी फेडणार.