नकाशावरचं गोडं पाणी

आमचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारंच. पिढ्यानपिढ्या आमच्या जिभेला कळत होतं, पण जिभेचं ऐकतो कोण? म्हणून एकदा मोबाइलवर नकाशा घेऊन सर्वेक्षणाची माणसं आली. खराब पाण्याचा, प्रदूषणाचा मार कोणत्या वस्तीला जास्त बसतो, ते नकाशा रंगानं दाखवणार म्हणे. लाल गावाला नळ आधी. वा रे वा!

मी मात्र खूश होतो, खोटं कशाला बोलू? मोठ्या भावाच्या किडन्या गेलेल्या, अकोल्याला डायलिसिस चालू. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. जसा काही सदराच बदलायचा होता! भावापुरतं आणि पाहुण्यांपुरतं गोडं पाणी कॅनमधून यायचं. भावाची लहान पोरगी हापशाचंच प्यायची.

सर्वेक्षणातली पाणी मोजणारी पोरगी दारात येऊन म्हणाली, "घरातलं पिण्याचं पाणी द्या." आईनं लगबगीनं कॅनमधलं दिलं. "पाहुन्याले खारं पानी देते का कोनी?" पोरीनं त्यात यंत्राची कांडी बुडवली. पुढच्या घरांनीही तेच केलं. ज्यांच्याकडे कॅन नव्हता, त्यांनी मागच्या दारानं आमच्याकडून तांब्या भरून नेला. आमचा एकच कॅन गल्लीभर मोजला गेला. गाव नकाशावर हिरवंगार! शेजारच्या गावात त्या माणसांना कोणी बसा म्हटलं नाही, त्यांना हापशावरच जावं लागलं. ते गाव लाल झालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

मी तालुक्याला जाऊन भांडलो, तेव्हा ती पोरगी पुन्हा आली. या वेळी मीच हापशाचा ग्लास भरून पुढे केला. आईनं तो हिसकावला.

"लाज नाई वाटत? दारी आलेल्या लेकीले हे देतं?"

"तिले पेयाचं नाई माय, मोजाचं हाये!"

"मंग काय झालं?"

मी कपाळावर हात मारला. खाटेवर पडलेला भाऊ उठून बसला. पाय सुजलेले, आवाज बारीक.

"माय, जे पाहुन्याले द्याची लाज वाटते, ते माह्या पोरीले रोज पाजून राहिलो न आपन."

आईनं पदरानं ग्लासाचा तळ पुसला, मोजणाऱ्या पोरीच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"घे बाई, मोज. पन पेऊ नोको."