मार्लिसची शनिवारची खेप

शनिवारी दुपारी जिन्यावर मार्लिसच्या बुटांचा आवाज आला की ऑरिन टीव्ही बारीक करायचा. आवाज वळणावर येऊन थांबला, की समजायचं, आजची खेप जड आहे.

"टॉयलेट पेपर का?" तो आतूनच ओरडायचा.

"टॉयलेट पेपर, आणि ओट्स, आणि बटाटे. ओरडू नकोस, दम लागेल."

"दम तुला लागलाय. मी नुसता बसलोय."

तो बसलेलाच असायचा. अमेरिकेत, सरोवराकाठच्या डलुथच्या धक्क्यावर बोटींत कच्चं लोखंड भरण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि त्या धुळीनं छाती खाल्ली. आता नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि नळी पोचेल तेवढंच त्याचं जग. मार्लिस त्याची बहीण, चार वर्षांनी धाकटी, सदुसष्टची. तिनं इस्पितळाच्या धोबीखान्यात नोकरी केली, चादरी उचलून उचलून उजवा खांदा कायमचा दुखरा करून घेतला आणि निवृत्त झाली. लग्न दोघांनीही केलं नाही. बापाचं शेत विकल्यावर तरुणपणीच भाऊबहीण शहरात आले आणि चढावरच्या या विटांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहू लागले. दोघांचं खाणं ते किती! सकाळी ओट्स, दुपारी सूप, रात्री बटाटा आणि त्याच्याबरोबर जे असेल ते.

अशा घराला घाऊक मालाच्या क्लबची मेंबरशिप कुणी सांगितली होती? तर भाचीनं. कर्स्टन मिनिआपोलिसला असते, तिथं तिची चार मुलं. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात तिनं कार्डाचे पैसे भरून दिले आणि वर हौसेनं म्हणाली, "मावशी, नुसत्या टॉयलेट पेपरमध्ये वसूल होईल बघ!"

मार्लिस पहिल्यांदा गेली ती मार्च उजाडल्यावर, तीही बिचकतच. आत विमानं ठेवावीत एवढी जागा, आणि लहान असं काही नाहीच. गाजरं घ्यावीत तर दहा पौंडांची पिशवी. अंडी पाच डझन. मेयोनेजची बरणी तर अशी, की ऑरिननं ती मांडीवर घेऊन विचारलं, "याचं बारसं कधी?"

गाजरं निम्मी संपेपर्यंत उरलेल्यांना कोंब आले. ऑरिन म्हणाला, "आता एक घोडा घे, म्हणजे हिशेब बसेल." मार्लिसला हसू आलं नाही. बापाच्या घरी जेवायला बसताना हात जोडून देवाचे आभार मानायचे आणि ताटात काही ठेवायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. देवानं दिलेलं अन्न आपल्या घरात सडतंय, हे तिला रात्रंदिवस टोचायला लागलं. मग पुढच्या खेपेला तिनं निम्मी अंडी आणि निम्मे मफिन तळघरात नेले. तिथं कपडे धुण्याची यंत्रं आहेत, आणि घड्या घालायचं एक लांब टेबल. शनिवारी संध्याकाळी सगळी इमारत तिथं एकदा तरी येतेच.

त्या टेबलावर तो सगळा पसारा सुरू झाला.

आधी तळमजल्यावरच्या इल्मानं सहा अंडी घेतली. ऐंशी उलटलेली ही फिनिश बाई, नवऱ्याच्या मागे एकटी राहते, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं पैसे दिले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी लोणी आण. मीठ नसलेलं." मग क्लिफर्ड आला. हा सिटी बसचा निवृत्त ड्रायव्हर, पोट पुढे, मत त्याच्याही पुढे. तो म्हणाला, "खरेदी करण्याच्या परवानगीसाठी पैसे मोजायचे? मी असला मूर्खपणा करत नाही. बरं, कॉफीचा मोठा डबा असेल तर मला अर्धा." आणि वरच्या मजल्यावरची जनेल. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, पदरी अडीच वर्षांची मुलगी, गाडी नाही. तिनं लाजत विचारलं, "मार्लिस, तुम्हाला जड नसेल होणार तर डायपर आणाल? कोपऱ्यावरच्या दुकानात फार महाग पडतात हो."

जड होणार होतं. पण असं कुणी विचारलं की 'नाही' म्हणायचं मार्लिसला जमतच नसे. त्या भागात जमत नाही बऱ्याच जणांना. 'काही त्रास नाही' एवढंच तोंडातून निघतं, आणि मग त्रास जन्मभर पुरतो.

वर्षभरात रीतच पडून गेली. शुक्रवारी दारावर टकटक व्हायची, लोक मागण्या सांगून जायचे. शनिवारी ती जायची, सगळं ट्रॉलीत, ट्रॉलीतून गाडीत, गाडीतून तळघरात, आणि स्वतःचं तेवढं वर. मग टेबलाशी उभं राहून वाटण्या. भाव सांगताना ती वरची चिल्लर सोडूनच द्यायची. बाई आपल्यावर कमावतेय असं कुणाच्या मनात यायला नको. पेट्रोलचं तर तिनं कधी तोंडातून काढलं नाही, शोभत नाही म्हणून.

मार्च महिन्यात कार्ड पुन्हा चालू ठेवायची वेळ आली. पहिल्या वर्षानंतर भाचीचं देणं संपलं होतं, गेल्या वर्षासारखे आताही पासष्ट डॉलर यांचेच जाणार. ऑरिन सूप ढवळत म्हणाला, "परवडतं का ते तरी बघ एकदा."

"कॉफीत वाचतात, टॉयलेट पेपरात वाचतात. तुझ्या खोकल्याच्या गोळ्या तिथं निम्म्यात मिळतात."

"पेट्रोल धरलंस?"

मार्लिसनं टेबल पुसायला घेतलं.

"आणि ते सोडून दिलेले सुटे पैसे?"

"ते किती असणार!"

"फायदा होतोय गं, होत नाही कुठं. पण तो खाली टेबलावरच संपतो. वर येतो तो तुझा खांदा."

"मग काय करू? जनेलच्या पोरीला डायपर कोण आणणार?"

"ते मला विचारू नकोस. मी या नळीबाहेरचा विचार करत नाही."

तो आठवडा तसाच गेला. शुक्रवारी क्लिफर्डनं दारात उभ्या उभ्या सांगितलं, "बर्फावर टाकायच्या मिठाचं एक पोतं आण बरं. माझ्या पिकअपखाली बर्फाचा नुसता दगड झालाय." चाळीस पौंडांचं पोतं. मार्लिसच्या तोंडातून निघालं, "काही त्रास नाही."

क्लबमध्ये एका पोरानं ते पोतं ट्रॉलीत घालून दिलं. बाहेर पार्किंगमध्ये मात्र ती एकटीच. सरोवराकडून वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी काढील. तिनं बाकी सगळं गाडीत भरलं आणि शेवटी पोत्याला हात घातला. पोतं हललं, पण खांद्यात असं काही लचकलं की हाताची बोटंच उघडली. ती ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिली. बाजूनं माणसं जात होती, कुणी विचारलं असतं तर तिनं 'ठीक आहे' म्हणूनच सांगितलं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही तेच बरं झालं. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. बळ नाही मागितलं. म्हणाली, प्रभू, मला थकायची तरी परवानगी दे.

मग ती ट्रॉली ढकलत पुन्हा आत गेली आणि पोतं परत दिलं. त्याच काउंटरवर पोरगी हसून म्हणाली, "आणखी काही?"

"मेंबरशिप थांबवायचीय."

"अरेरे. आवडली नाही का आजी? मग या वर्षाचे सगळे पैसे परत देते मी. तसा नियमच आहे इथला."

"सगळे?" मार्लिसला कळेना. "पण मी वर्षभर वापरलं की."

"चालतं. तुमचं समाधान झालं नाही ना?"

पासष्ट डॉलर म्हणजे त्या दोघांचा आठवड्याचा बाजार. ऑरिन असता तर म्हणाला असता, घे, तोंड मिटून घे. पण बावन्न आठवडे खाल्लं-प्यालं आणि आता पोट भरलं नाही म्हणायचं? मार्लिसला ते तोंडातून काढवेना. "नको," ती म्हणाली. "माल चांगला होता. मीच पुरी पडत नाही. पुढचं तेवढं घेऊ नका म्हणजे झालं."

पोरगीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बरोबर कुणाला आणत का नाही? पाहुणे आणता येतात मेंबरला. दोन जण."

हे दोन वर्षांत मार्लिसला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. पण आता त्या विचाराचाही तिला शीण आला. "नको, बंदच करा," ती म्हणाली.

संध्याकाळी टेबलाशी ती डाव्या हातानं वाटण्या करत होती. क्लिफर्डनं विचारलं, "मीठ कुठंय?"

"आणलं नाही. उचलवलं नाही मला." आणि बोलण्यात बोलणं निघालंय तर सांगून टाकावं म्हणून ती पुढे म्हणाली, "महिनाअखेरीला माझं कार्ड संपतंय. पुढे मी काही ठेवणार नाहीये."

यंत्रं घरघरत राहिली.

"मग माझी कॉफी?" क्लिफर्ड म्हणाला.

"दुकानात मिळते कॉफी."

"दुकानात लुटतात."

इल्मानं लोणी पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. "आधी सवय लावायची," ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "आणि मग हात झाडायचे." आणि निघून गेली. दोन वर्षांचं देणंघेणं, आणि शेवटी उरलं हे.

जनेल तेवढी थांबली. पोरीचे ओले मोजे यंत्रातून काढत उभी होती. मग म्हणाली, "खांदा दाखवलात का कुणाला?"

"दाखवेन गं. तुझ्या डायपरचं मात्र..."

"बघेन मी काहीतरी. मला आधीच कळायला हवं होतं. रात्रभर म्हाताऱ्यांना उठवते-बसवते मी, माणूस कसं उचलतंय ते मला दिसायला नको?" आणि एकदम क्लिफर्डकडे वळली. "तुमची पिकअप शनिवारी काय करते हो?"

"उभी असते. तिच्याखाली बर्फ आहे, ऐकलं नाहीस?"

"बर्फ मी फोडते. तुम्ही कार्ड काढा. मी येते बरोबर, उचलायचं काम माझं."

"मी? पासष्ट डॉलर? परवानगीसाठी?"

"मार्लिसनं भरलेच ना!"

क्लिफर्डनं पोट खाजवलं, पुटपुटला, कपडे न वाळवताच वर गेला. मार्लिसला वाटलं, संपलं. त्या रात्री तिनं ऑरिनला सगळं सांगितलं, आणि परत न घेतलेल्या पैशांचंही सांगितलं. त्यानं नळी नाकाशी नीट बसवली. "तुझ्यासारख्या बाईला मेंबर करून घेतलं, हाच त्या क्लबचा फायदा," एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी दुपारचं सूप त्यानं स्वतः गरम केलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मार्लिस उशिरा उठली. खिडकीतून पाहिलं तर पिकअप जागेवर नव्हती.

संध्याकाळी ती तळघरात गेली. टेबलामागे क्लिफर्ड उभा, दुकानदारासारखा. शेजारी जनेल रात्रपाळीच्या कपड्यांतच भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या पायाशी डायपरचा खोका होता, आणि तो पाहून मार्लिसच्या जिवाला जरा बरं वाटलं. पण जनेलचा चेहरा पाहिला आणि ते बरं वाटणं अर्ध्यावरच थांबलं. जडपणा कुठं गेला नव्हता. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला होता, एवढंच.

"फोटो काढतात तिथं," क्लिफर्ड कार्ड नाचवत म्हणाला. "कैदी दिसतोय मी त्यात. बोल, काय हवंय?"

"टॉयलेट पेपर. दहा पुरे. आणि इल्माचं बिनमिठाचं लोणी आणलंत का?"

"सगळे खातात ते खाईल ती. बिनमिठाचं एवढं मोठं घेऊन मी काय करू?"

त्यानं टॉयलेट पेपरचे सेंटपर्यंतचे पैसे सांगितले. "आणि पेट्रोलचा एक डॉलर," तो म्हणाला. "प्रत्येकी."

कसा सरळ मागितला! जिभेला काही झालं नाही त्याच्या, तळघराचं छत कोसळलं नाही. जनेलनंही दिला होता म्हणे, मुकाट्यानं. मार्लिसनं पर्स उघडली, एक डॉलर काढला, आणि मग आणखी एक काढून जनेलच्या हातात दिला. "हा उचलण्याचा," ती म्हणाली. "घे. 'काही त्रास नाही' असं म्हणू नकोस."

जनेलनं घेतला.

तिथून ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली, आणि वर जाताना तिनं इल्माच्या दारावर टकटक केली. हातात बिनमिठाच्या लोण्याचं लहान पाकीट होतं, महागातलं. दार बोटभर उघडलं.

"किती?" इल्मानं विचारलं.

मार्लिसच्या जिभेवर नेहमीसारखा कमी आकडा आला होता. तिनं खरा सांगितला. इल्मानं नाक मुरडलं, पैसे मोजून दिले आणि दार लावून घेतलं.

जिन्याच्या वळणावर मार्लिस थांबली नाही. आत आल्यावर ऑरिननं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "काय, कसं परवडलं?"

"दमलेय रे," ती म्हणाली, कोट न काढताच खुर्चीत बसली, आणि बसूनच राहिली.