मामांनी मागवलेला मासा

आधीच सांगून टाकते, भूत-बित मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध, बावीस प्रतिज्ञा लहानपणापासून पाठ. कॉलेजात असताना चौकात कुणी उताऱ्याचा नारळ ठेवला की मी तो उचलून घरी आणायचे, त्याची चटणी करायचे आणि शेजारणींना वाटीभर नेऊन द्यायचे. त्यांनी बोटं चाटली की मग सांगायचे नारळ कुठला ते! असली आगाऊ मुलगी. तिला आज भेटले तर कान उपटेन.

नातीनं मला हा ग्रुप दाखवला. इथले अनुभव वाचले... पांढऱ्या साड्या, वडाची झाडं, अमावस्या. माझ्या गोष्टीत त्यातलं काही नाही. भर दुपार आहे, तळणाचा आणि बिअरचा वास आहे आणि एक मासा आहे. बस.

१९९६ चा सप्टेंबर. आम्ही ईडन प्रेरीला राहायचो, मिनीॲपोलिसपासून अर्ध्या तासावर. माझा नवरा मिलिंद कंपनीत, मी घरी, मुलगा शाळेत. सासूबाई — मी त्यांना आईच म्हणायचे — सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्लिश म्हणाल तर यस, नो, थँक्यू. त्यातला नो त्यांना जास्त आवडायचा.

आईंचे मोठे भाऊ म्हणजे आमचे मामा. नागपूर स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये तीस वर्षं बेअरर होते. पांढरा कोट, पितळी बटणं. नॅपकिनची पंख्यासारखी घडी घालून ग्लासात अशी खोवायचे की ग्लासात फूल उमललंय असं वाटावं. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तर हा माणूस खांद्यावर पंचा टाकून माझ्या पाटाशेजारी उभा! "मॅडम विल हॅव द फिश," असं म्हणत ताटात तळलेला मासा वाढला. सोबत कांदा — चिरलेला नाही, बुक्कीनं फोडलेला. हसून माझी पुरेवाट झाली. काटा-सुरीही त्यांनीच शिकवली. "फुलीसारखी ठेवली म्हणजे जेवण चालू. शेजारी शेजारी ठेवली म्हणजे झालं. तोपर्यंत बेअररनं हलायचं नाही."

आई अमेरिकेला निघाल्या तेव्हा ते स्टेशनवर सोडायला आले. म्हणाले, "बाई, तिथं गोऱ्याच्या हॉटेलात ऐटीत बस. अन् एक दिवस मलेही बोलाव. जिंदगी गेली उभ्यानं वाढण्यात, एकदा बसून खातो."

त्या सप्टेंबरात रविवारी संध्याकाळी फोन आला. मामांचा मुलगा अनिल. तिकडे सोमवारची पहाट उलटली होती. "वहिनी, बाबा गेले. झोपेतच."

आई आंघोळीला गेल्या होत्या. फोन मी घेतला आणि पुढचं सगळं मीच केलं, हे इथे कबूल करते. त्याच आठवड्यात आईंचं ब्लड प्रेशर भडकलं होतं. डॉक्टरनं गोळ्या बदलल्या होत्या आणि उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी परत बोलावलं होतं, तोवर ताण नको म्हणाला होता. मी मिलिंदला गराजमध्ये नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "पुढच्या सोमवारपर्यंत सांगायचं नाही."

"अगं, पण शुक्रवारी तिकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, वंदना होणार. आईला मामींशी बोलायचं असेल..."

"आणि आईंना काही झालं तर?"

तो गप्प झाला. आमच्याकडे वाद असे संपायचे, मी भीती घालायचे आणि तो गप्प व्हायचा.

आता पंचाईत फोनची. नागपूरहून नातेवाईक फोन करणार, इथली आपली माणसंही सांत्वनाला फोन करणार, आणि आईंना फोन उचलायची भारी हौस. मग या अतिहुशार बाईनं काय केलं? रोज सकाळी मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की सासूला गाडीत घालायची आणि तो परत यायच्या वेळेपर्यंत बाहेर फिरवायची; संध्याकाळी फोनपाशी मिलिंदला बसवायची. सोमवारी मोठा मॉल, तिथलं बाहुल्यांचं दुकान. मंगळवारी तळं. बुधवारी पुन्हा मॉल. फोनची वायर भिंतीतून उपटता आली असती, हे मला सुचलं तेव्हा मी पन्नाशीची होते.

गुरुवारी म्हटलं, आज डाउनटाउनला जेवू. मिनीॲपोलिसच्या जुन्या गोदामांच्या भागात लाल विटांच्या इमारती आहेत. तेव्हा तिथे एकाला लागून एक बार, पब, ग्रिल झाले होते. आम्ही गेलो त्या पबचं नाव सांगत नाही, आता तिथे योगा शिकवतात. दारातल्या मुलीनं विचारलं, "स्मोकिंग ऑर नॉन-स्मोकिंग?" आईंनी जोरात उत्तर दिलं, "नो!" आम्हाला खिडकीजवळचं चार खुर्च्यांचं टेबल मिळालं, चारी जागी प्लेट आणि ग्लास मांडलेले. दीड वाजून गेला होता. ऑफिसची गर्दी ओसरली होती, दोन-चार टेबलं राहिली होती.

आमची वेट्रेस साठीची होती, छातीवर बिल्ला — पेग. मोठा कागदी मेन्यू. विंग्ज, तळलेलं चीज, जंगली तांदळाचं सूप, बर्गरचे दहा प्रकार. मी तिला म्हटलं, "पाच मिनिटं दे," आणि आईंना म्हटलं, "बाथरूमला जाऊन येते." बाथरूमच्या बोळात पे-फोन होता, मला मिलिंदला फोन करायचा होता. घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर किती निरोप आलेत ते तो ऑफिसातून ऐकायचा.

"सात," तो म्हणाला. "सुजाता, बास झालं आता. आज सांगू या."

"सोमवारी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

परत आले तर आई जेवत होत्या.

समोर तळलेला मासा, लिंबाची फोड. बाजूला बशीत कांदा. चिरलेला नाही. फोडलेला — पाकळ्या विस्कटलेल्या, मधला कोंब वर आलेला. मी म्हटलं, "आई, हे कुणी सांगितलं?"

"बाईनं आणून ठेवलं. मले वाटलं तू सांगून गेली." त्यांनी कांद्याची पाकळी उचलली. "इथं कांदा बरा फोडतात वं."

मी काउंटरकडे गेले. पेग ग्लास पुसत होती. मी विचारलं, ऑर्डर कुणी दिली?

"तुमच्याबरोबरचे गृहस्थ. वयस्कर. तिच्या खुर्चीमागे उभे होते," ती म्हणाली. "फार छान बोलले. 'मॅडम विल हॅव द फिश.' आणि कांदा कापू नका, हातानं फोडा म्हणाले. स्वयंपाकी हसायलाच लागला. मी त्यांना म्हटलं, हनी, बसा ना. तर म्हणाले, मी नंतर बसेन."

"कशानंतर?"

तिनं खांदे उडवले. "ते नाही बोलले."

मी म्हटलं, आमच्याबरोबर कुणी गृहस्थ नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "आत्ता तर होते," म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

आता मी काय विचार केला सांगू? माझी एमएस्सी झालेली आहे. मी ठरवलं, कुणीतरी भारतीय म्हातारा असेल, साडीतली एकटी बाई गोंधळलेली दिसली, मदत केली आणि गेला. चांगलं स्पष्टीकरण आहे की नाही? मला फार आवडलं. ते घेऊन मी टेबलाशी आले.

आई जेवायच्या थांबल्या होत्या. चौथ्या, रिकाम्या खुर्चीसमोरच्या ग्लासाकडे बघत होत्या. त्यात कापडी नॅपकिन होता. पंख्यासारखा. बाकीचे तिन्ही नॅपकिन काटा-सुरीभोवती गुंडाळलेले, तिथे सगळीकडे असतात तसे.

"ही दादाच्या हातची घडी हाय," आई म्हणाल्या.

"तसं काही नाही, आई. इथेही घालतात तशी."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मले एकच सांग. दादा हाय न?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. चार दिवसांत मी त्यात तरबेज झाले होते — ठणठणीत आहेत, परवाच बोलणं झालं, तुम्हाला विचारत होते. तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांपुढे तो माणूस येत होता. खुर्चीमागे उभा, बस म्हटलं तरी न बसणारा. मी त्या खुर्चीमागे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, हे नारळाची चटणी करणारीनं लिहून देते.

"आई, मामा सोमवारी पहाटे गेले."

मला वाटलं होतं त्या कोसळतील. नाही कोसळल्या. माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "आज कोणता वार?"

"गुरुवार."

"चार दिवस तू मले फिरवत होती?"

"हो," मी म्हटलं.

"त्या बाहुल्याच्या दुकानात मी हसली, सुजाता. तुले आठवते? ती बाहुली बोलली अन् मी खदाखदा हसली. तिकडं माझ्या भावाले उचलून नेत होते अन् मी हसत होती." त्या रडत नव्हत्या. त्यांनी रडायला हवं होतं. "माझ्या बीपीची काळजी होती का तुले, का तुझ्या जिवाची?"

याचं उत्तर तेव्हा नव्हतं. आता आहे, पण ऐकायला त्या नाहीत.

मग त्यांनी चौथी, कोरी प्लेट पुढे ओढली. आपल्या माशाचा निम्मा तुकडा तिच्यात ठेवला. कांद्याच्या दोन पाकळ्या, लिंबाची फोड. रिकाम्या खुर्चीसमोर नीट सरकवली, काटा-सुरी मांडली. आणि मी — काय सांगू — त्या क्षणी मला प्रतिज्ञा आठवल्या! म्हटलं, "आई, आपण पिंड-नैवेद्य मानत नाही ना?"

"नैवेद्य नाही हा. माझा भाऊ जेवाले बसते. तू गप बस."

मग त्या रडल्या. मीही रडले, मोठ्यानं, नाक पुसत. तोंड धुवायला म्हणून मी त्यांना बोळातल्या बाथरूममध्ये नेलं. पाच-सात मिनिटं गेली असतील.

परत आलो तर चौथी प्लेट रिकामी होती. पिळलेली लिंबाची फोड तेवढी काठाशी. काटा आणि सुरी शेजारी शेजारी. नॅपकिन ग्लासातून निघून टेबलावर पडला होता, चुरगळलेला, तोंड पुसल्यासारखा. आम्ही गेलो तेव्हा जराशी तिरकी राहिलेली खुर्ची सरळ करून टेबलाखाली सारली होती.

पेग ताटं उचलायला आली. "बरं झालं, बसले शेवटी," म्हणाली. "मला दोनदा थँक्यू म्हणाले. लंचला दोनदा कुणी म्हणत नाही."

"कुठे गेले?"

"आत्ताच निघाले... तुम्हाला दारात नाही भेटले?"

आईंना इंग्लिश कळत नव्हतं. तरी त्यांनी पेगचा हात दोन्ही हातांत धरला आणि "थँक्यू" म्हणाल्या. दोनदा.

त्या संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे नागपूरच्या सकाळी साडेसहाला, आम्ही फोन लावला. आई मामींशी बोलल्या. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अनिलनं परत फोन केला, रिसीव्हर कार्यक्रमाजवळ तसाच उघडा ठेवला, आणि आईंनी इथे उभ्यानं वंदना म्हटली. सोमवारी डॉक्टर म्हणाला, प्रेशर उतरलंय, गोळ्या लागू पडल्या.

आठवड्यानं मी एकटी त्या पबमध्ये गेले. पेगला विचारलं, ते गृहस्थ दिसायला कसे होते? ती म्हणाली, सावळे, बारीक, पांढरा कोट, पितळी बटणं. "मला वाटलं, जवळच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात काम करत असतील." मामांनी तो कोट रिटायर होताना परत केला होता. तो त्यांच्या अंगावर मी फक्त फोटोत पाहिलेला. आईंकडे तो फोटो नव्हता, पेगकडे असायचा प्रश्नच नाही.

मी खूप जोडून बघितलं. तो मासा पेगनं फेकला असेल, खुर्ची तिनंच सारली असेल. खरोखर कुणी भारतीय वेटर असेल, त्याला कांदा फोडायची सवय असेल. एकेक जमतं. सगळं एकदम जमत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, नाहीच जमत.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. माझ्याशी नीट वागल्या, भांडल्या नाहीत. पण घरात असल्या की फोन वाजल्यावर धावत जाऊन स्वतःच उचलायच्या, अगदी गुडघे गेल्यावरसुद्धा. आणि माझ्याबरोबर बाहेर जेवायला पुन्हा कधी आल्या नाहीत. नो म्हणायच्या.

आता मी सत्तरीला टेकलेय. मिलिंद नाही. धाकटी बहीण नागपूरला आहे, तिची तब्येत बरी नसते. मागच्या महिन्यात, मंगळवारी, मुलगा ऑफिसातून मध्येच घरी आला. म्हणाला, "आई, चल, लंचला जाऊ." मंगळवारी! घरातला फोन मी दोन दिवसांत वाजलेला ऐकला नव्हता.

गेलो. चार खुर्च्यांचं टेबल. बसल्याबरोबर मी चौथा ग्लास बघितला, मग मुलाकडे. "कोण गेलं रे?"

"आई! इट्स जस्ट लंच, यार!" तो हसला. जरा जास्तच हसला असं मला वाटलं... की माझंच मन?

ग्लास रिकामा होता. पाठीमागे बघायची हिंमत या वेळीही झाली नाही. जेवण संपलं, तरी मी काटा-सुरी फुलीसारखी ठेवूनच बसून राहिले. म्हटलं, आधी मावशीला फोन लाव. नागपूरला. माझ्यासमोर.