आवेजची ‘खूण’

धुळ्याला चाळीसगाव रोडच्या आतल्या गल्लीत कादरभाईंचं घर आहे. कादरभाईंची सगळी हयात यंत्रमागावर गेली. मागांच्या खडखडाटानं कान निकामी झाले, आता ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. त्यांचा धाकटा मुलगा आवेज. जळगावला कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं, पुण्यात काही वर्षं नोकरी केली, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आला तो आलाच. आई गेल्यावरही तो पुण्याला गेला नाही. सकाळी एका खाजगी क्लासमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं आणि दुपारनंतर घरच्या माळ्यावर बसून आपलं ॲप लिहायचं, असा त्याचा दिवस असे.

ॲपचं नाव ‘खूण’. मोबाइलला रेंज नसली तरी चालायचं. विहिरीपाशी उभं राहून बोट टेकवलं की नकाशावर विहीर उमटायची. पाणी कधी आटतं, कोण भरतं, तेही तिथंच लिहिता यायचं. शेताच्या कडेनं चालत गेलं की मागं रेघ काढली जायची. एवढंच. पण हे ॲप त्यानं विकायला काढलं नाही. त्याचा सगळा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडा ठेवला. कोणीही घ्यावा, वापरावा, त्यात बदल करावा. मित्र त्याला वेड्यात काढत. आवेजचं म्हणणं सरळ होतं. कॉलेजात पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा तो शिकला ते असल्याच लोकांकडून, ज्यांनी आपलं काम उघडं ठेवलं होतं आणि ज्यांची तोंडंही त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यांचं देणं फेडायचं तर आणखी कसं फेडणार?

कादरभाईंना त्यातलं काही कळत नसे. त्यांनी एकदाच विचारलं होतं, लोक वापरतात का? आवेजनं मान हलवली. मग ठीक आहे, म्हणाले.

लोक खरंच वापरू लागले होते. कोणी पक्षी मोजायला, कोणी हातपंपांच्या नोंदीला. पण आवेजचा ज्या कामात जीव गुंतला ते साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या खिरपाड्याचं. तिथं हितेंद्र नावाचा भडगावकडचा कार्यकर्ता एका लहानशा संस्थेत काम करायचा. त्यानं फोन करून सांगितलं, की पाड्याचं गायरान पिढ्यान्‌पिढ्या लोक गुरं-शेळ्या चारायला वापरतात, पण कागदावर त्याची नोंद नुसती पडीक. उद्या कोणी मागितली तर जमीन जाईल. तुमच्या ॲपवर लोकांनी स्वतः नकाशा काढला तर?

आवेज एस.टी.नं साक्रीला आणि तिथून जीपनं खिरपाड्याला गेला. त्यानंतर दर रविवारी जायला लागला. तोताराम आबा म्हणून पाड्यातले जाणते म्हातारे होते, ते पुढं चालत. त्यांची सून रत्ना बारावी झालेली, ती मोबाइल धरून मागं. आबा थांबून सांगत, इथं शेळ्या बसतात, हा झरा उन्हाळ्यातही आटत नाही, ही वाट बैलगाडीची, ह्या खडकाला अमकं नाव. रत्ना सगळं टिपून घेई. झाडीत जीपीएस नीट लागत नसे आणि झऱ्याची खूण भलत्याच उतारावर जाऊन पडे, तेव्हा आवेजनं माळ्यावर बसून त्यावर उपाय काढला. पुढच्या रविवारी खूण बरोबर झऱ्यावर पडली. रत्ना हसली, आणि त्या हसण्यावर आवेजचा सगळा आठवडा मजेत गेला.

नकाशा पुरा झाल्यावर पाड्यात बैठक झाली. हितेंद्रनं विचारलं, की हा नकाशा सगळ्यांना दिसेल असा इंटरनेटवर ठेवायचा का? लोक एकमेकांकडे बघू लागले. आबांनी आवेजला विचारलं, “मंग हाई बठ्ठासले दखाई का?”

“हो आबा,” आवेज म्हणाला. “एकदा सगळ्या जगाला दिसलं की कोणी म्हणू शकत नाही, इथं काहीच नाही.”

आबांनी थोडा विचार केला आणि ठेवा म्हणाले. त्यांचा आवेजवर विश्वास होता. बाकीच्यांचा आबांवर होता.

गायरानावर सौरऊर्जेच्या प्लेटा बसणार अशी बातमी आली ती पावसाळ्यानंतर. कोणती कंपनी, कुठली, कुणाला धड माहीत नव्हतं. हितेंद्रनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की मोजणीवाले आलेत, तू ये.

आवेज पोचला तेव्हा गायरानाच्या मधोमध मोठ्या छत्रीखाली एक तरुण सर्व्हेअर उभा होता. चुन्याच्या खुणा पडल्या होत्या. आवेज जवळ गेला, आणि त्याला त्या पोराच्या हातातला मोबाइल दिसला. हिरवी पट्टी, खाली चार बटणं, कोपऱ्यात त्यानंच काढलेलं पावलाचं चित्र. ‘खूण’ होतं ते.

त्यानं काही न सुचून विचारलं, हे ॲप कुठून मिळालं? पोरगा मोकळ्या स्वभावाचा होता. म्हणाला, ऑफिसनं दिलंय, महागड्या मशीनपेक्षा सोपं पडतं. मग बोलता बोलता आवेजचं नाव निघालं आणि तो चमकला. ॲपच्या माहितीच्या पानावर त्यानं ते नाव वाचलं होतं.

“सर, तुम्हीच का ते? फार भारी काम आहे तुमचं,” तो म्हणाला. “आणि इथं तर लोकांनी आधीच सगळं टाकून ठेवलेलं मिळालं आम्हाला. सपाट जागा, गाडीची वाट, बारमाही पाणी. प्लेटा धुवायला पाणी लागतं ना. आमची निम्मी पायपीट वाचली.”

पोरगा पुढं म्हणाला, एक अडचण तेवढी आहे, मोठ्या जागेची कडा जोडताना ॲप मधेच बंद पडतं, बघाल का? आवेजनं बघतो म्हटलं. का म्हटलं ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. सवयीनं म्हटलं असेल.

गायरानाच्या कडेला पाड्यातली माणसं बसली होती. त्यांनी दोघांना बोलताना पाहिलं होतं, आणि मोबाइलही ओळखला होता. आवेज त्यांच्यापाशी आला तसं कोणी सरकून जागा दिली नाही. उखर्डू म्हणून शेळ्या राखणारा एक जण होता, त्यानं विचारलं, “भाऊ, हाई तुमनंच शे ना?”

आवेज समजावू लागला, की ॲप त्याचंच, पण त्यानं कंपनीला दिलेलं नाही. ते उघडं आहे, कोणीही घेऊ शकतं, त्याला विचारायची गरज नसते. नकाशाही उघडाच होता, आपण बैठकीत ठरवलं होतं. बोलता बोलता त्यालाच आपला आवाज परका वाटायला लागला. आजवर हे शब्द त्यानं क्लासमधल्या मुलांसमोर किती अभिमानानं उच्चारले होते.

आबा सगळं ऐकून घेतल्यावर बोलले. रागानं नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं. “तुमना दरवाजा बठ्ठासकरता उघडा शे, ते चांगलं. पन भाऊ, तठे आमना घरनी किल्ली कसाले ठेई?”

आमच्या घराची किल्ली तिथं का ठेवली, हा आबांचा प्रश्न घेऊनच आवेज जीपकडे चालू लागला.

पुढचे काही महिने त्यानं धडपड करून पाहिली. सगळ्यात आधी खिरपाड्याचा नकाशा इंटरनेटवरून काढून टाकला, पण तो तोवर कुठंकुठं उतरवला गेला होता, याची मोजदाद नव्हती. कंपनीला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. ॲपच्या अटी बदलून ‘जमीन घेण्यासाठी वापरू नये’ असं घालावं म्हटलं, तर एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, की पुढच्या आवृत्तीला घालशील, पण आजवर जे उघडं दिलंस ते परत घेता येत नाही. आवेजला हे ठाऊक होतं. परत घेता येऊ नये म्हणूनच तर त्यानं तशी अट निवडली होती.

हितेंद्र आणि तो लोकांचा नकाशा छापून घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, मोबाइलवर काढलेला नकाशा अधिकृत धरता येत नाही. बोलता बोलता त्यांनी कंपनीची फाइल उघडली. त्यात लावलेल्या नकाशाच्या तळाशी पावलाचं तेच चित्र होतं. हितेंद्रनं ते बोटानं दाखवलं. साहेब म्हणाले, हो, पण यावर सही-शिक्का आहे. त्यांचा आवाज चढला नव्हता. खुर्ची पुढं करून त्यांनी दोघांना पाणीही विचारलं होतं.

बाहेर आल्यावर हितेंद्र चिडून बोलत राहिला, उपोषण, मोर्चा, कोर्ट. थोड्या दिवसांनी संस्थेचं काम आटोपलं आणि हितेंद्र भडगावला निघून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यालाही पोट होतं.

सर्व्हेअरनं सांगितलेली ती चूक दरम्यान ॲपच्या पानावरही नोंदली गेली होती. तीच चूक दुसऱ्या जिल्ह्यात पाणवठे मोजणाऱ्या बायकांनाही छळत होती, त्यांनीही खाली लिहिलं होतं. कधी होईल म्हणून दोनदा विचारलं होतं. आवेज माळ्यावर मांडी घालून त्या नोंदीकडे बघत बसे. दुरुस्ती कुठं करायची हे त्याला दिसत होतं. बायकांसाठी केली तर कंपनीसाठीही होणार. नाही केली तर बायकांचं अडणार, कंपनी आपला माणूस लावून करून घेणार. शेवटी एका दुपारी त्यानं ती करून टाकली. बायकांनी आभार मानले. त्यानं लॅपटॉप मिटला आणि खाली येऊन अब्बांशेजारी बसला. कादरभाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलत नव्हते, तरी त्यांनी विचारलं, “क्या हुआ बेटा?” काही नाही, अशी आवेजनं मान हलवली. अब्बांना ऐकू येत नाही याचं त्या दिवशी त्याला बरं वाटलं. सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागलं असतं, आणि गल्लीनं ऐकलं असतं.

त्यानंतर त्यानं ॲपचं काम सोडलं. पानावर लिहिलं, की मी यापुढे लक्ष देऊ शकणार नाही, ज्याला चालवायचं त्यानं चालवावं. कुणीतरी परगावच्यानं ते चालवायला घेतलंही.

उन्हाळ्यात तो एकदाच खिरपाड्याला गेला. कुणी बोलावलं नव्हतं. गायरानाला जाळीचं कुंपण पडलं होतं. बारमाही झऱ्यावर पंप बसला होता आणि पाइप कुंपणाच्या आत गेला होता. उखर्डूनं शेळ्या विकून टाकल्या होत्या आणि तो सुरतेकडे कामाला गेला होता.

कुंपणाच्या कडेनं रत्ना येताना दिसली. अंगावर पिवळं जाकीट, हातात मोबाइल. कंपनीनं तिला रोजंदारीवर घेतलं होतं. खांब कुठं रोवायचे त्या जागा टिपायच्या. तिच्याइतकं सफाईनं ते कुणालाच जमत नव्हतं. आवेजला बघून ती थबकली.

“काम तेच आहे, सर,” ती म्हणाली. मग हातातल्या मोबाइलकडे बघून, “तुम्ही शिकवलेलंच.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर आवेजला सोसायला सोपं गेलं असतं. तो बरं म्हणाला, आणि ती पुढच्या खांबाकडे गेली.

आबा घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी आवेजला बस म्हटलं, आतून काळा चहा आणवला. पावसाचं, पिकाचं, दुखऱ्या गुडघ्यांचं बोलणं झालं. गायरानाचं नाव कुणी काढलं नाही. चहा संपला तरी आवेजचा पाय निघेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं समोरच्या उताराकडे बोट केलं. तिथून एक लहानसा नाला वाकडातिकडा खाली उतरत होता. तो नकाशात घ्यायचा राहून गेला होता.

“आबा, त्या नाल्याला काय म्हणतात?”

आबांनी नाल्याकडे पाहिलं. त्यांचा जन्म त्या उतारावर गेला होता.

“माहीत नई, भाऊ,” ते म्हणाले, आणि रिकामा कप त्याच्या हातातून काढून घेतला.